हडसन सॉफ्ट : जिचे गेम आपण खेळलो, पण जिचं नाव कधी वाचलं नाही

तांबडीमाती (धागाकर्ता)

नव्वदच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्यांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम खेळलाय त्यांना दोन पेंग्विनचा गेम आठवत असेल. एक डावीकडे वळला की दुसरा उजवीकडे वळायचा. वाटेत कोळ्यांची जाळी, आणि वर पिंजऱ्यात एक बदाम, पत्त्यांत असतो तसा. दोघांनी दोन बाजूंनी तिथे एकदमच पोचायचं. एकच माणूस दोघांना चालवतो, म्हणून मी आणि ताई एकच रिमोट दोघांत धरून खेळायचो. त्याच कॅसेटमध्ये शिड्यांवरून पळत, जमीन खणत सोनं गोळा करायचा गेम होता. बॉम्ब ठेवून भिंती फोडायचा होता. शेजाऱ्यांच्या कॅसेटमध्ये फळं खात धावणारा टोपीवाला होता. आमच्या लेखी त्यांची नावं 'पेंग्विनचा', 'सोन्याचा', 'बॉम्बचा' आणि 'फळांचा' एवढीच.

हे चारही गेम निन्तेन्दो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या गेमयंत्रावर एकाच कंपनीने आणले होते, हे मला चाळिशीत कळलं. आपल्याकडे मिळायच्या त्या नकली कॅसेट. त्या बनवणारे बऱ्याचदा पहिल्या पडद्यावरचं कंपनीचं नाव पुसून टाकायचे. त्यामुळे ज्यांनी ते गेम घडवले त्यांचं नाव आपल्यापर्यंत आलंच नाही. नाव होतं हडसन सॉफ्ट. १ मार्च २०१२ रोजी ही कंपनी कोनामी या दुसऱ्या जपानी गेमकंपनीत विलीन झाली आणि संपली. तिच्याबद्दल मराठीत कुठेतरी नीट लिहिलेलं असावं असं फार दिवस वाटत होतं, म्हणून हा धागा.

कंपनी टोकियोची नव्हे, ओसाकाचीही नव्हे. जपानच्या पार उत्तरेला होक्काइदो बेट आहे, हिवाळ्यात बर्फाखाली गाडलं जाणारं. तिथलं मोठं शहर साप्पोरो. त्याच्या तोयोहिरा भागात १८ मे १९७३ रोजी युजी कुदो आणि हिरोशी कुदो या भावांनी दुकान उघडलं. नाव 'सीक्यू हडसन'. विकायला हौशी रेडिओचं सामान आणि छायाचित्रं. १९७५ पासून दुकानात संगणकाचं सामान आलं आणि १९७८ च्या सुमारास हे लोक स्वतःच प्रोग्राम लिहून विकू लागले. गेम तेव्हा टेपच्या कॅसेटवर यायचे, ऑडिओ कॅसेट असते तशाच. शार्पच्या संगणकांसाठी त्यांनी 'हू-बेसिक' ही बेसिक या प्रोग्राम लिहायच्या भाषेची स्वतःची आवृत्ती लिहिली. गेम पाडणारी कंपनी आणि यंत्राची भाषा लिहिणारी कंपनी यांत फरक असतो. तो फरक हडसनमध्ये शेवटपर्यंत दिसतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

निन्तेन्दोला फॅमिकॉमसाठी बेसिक हवी होती, तेव्हा ती हडसन आणि शार्प यांच्या मदतीने तयार झाली. जून १९८४ मध्ये कीबोर्डसह 'फॅमिली बेसिक' बाजारात आली. यंत्र आतून कळलेलं होतंच. पुढच्याच महिन्यात, जुलै १९८४ मध्ये, हडसनने 'लोड रनर' आणि 'नट्स अँड मिल्क' आणले. फॅमिकॉमवर निन्तेन्दोखेरीज दुसऱ्या कंपनीने काढलेले हे पहिले गेम. 'लोड रनर' मुळात डग स्मिथ या अमेरिकी तरुणाचा, १९८३ चा. हडसनने आणलेली आवृत्ती दहा लाखांच्या वर खपली. आजचा प्लेस्टेशन असो की स्विच, यंत्र एकाचं आणि गेम शंभर जणांचे, ही रीत आपण गृहीत धरतो. फॅमिकॉमच्या दुनियेत ते दार पहिल्यांदा उघडलं ते साप्पोरोच्या या मंडळींनी.

बॉम्बरमॅनचं मूळ रूप १९८३ चं, घरगुती संगणकांवरचं. फॅमिकॉमवर तो डिसेंबर १९८५ मध्ये आला. आता गंमत बघा. फॅमिकॉमच्या 'लोड रनर'मध्ये आपल्या मागे लागणारे ते यंत्रमानव दिसायला हुबेहूब बॉम्बरमॅनसारखे आहेत. आणि बॉम्बरमॅनच्या पन्नास पातळ्या संपवल्या की तो माणूस होतो आणि पडद्यावर येतं, आता 'लोड रनर'मध्ये भेटू. दोन वेगळ्या गेमना एका गोष्टीत ओवायचं त्यांना १९८५ मध्ये सुचलं होतं. पन्नासाव्या पातळीपर्यंत मी लहानपणी कधीच पोचलो नाही. गेल्या वर्षी पोचलो, तो पडदा पाहिला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

पुढचं टप्प्याटप्प्याने लिहितो. कोणाला भर घालायची असेल तर जरूर घाला.

कोळशाचीगाडी

सुरेख सुरुवात. नावाबद्दल मी सांगतो, माझा प्रांत आहे.

'हडसन' हे वाफेच्या इंजिनाच्या एका जातीचं नाव आहे. पुढे चार लहान चाकं, मध्ये ओढणारी सहा मोठी, मागे पुन्हा चार लहान. ४-६-४. १९२७ मध्ये न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेने ही मांडणी आणली आणि त्यांचा मार्ग हडसन नदीच्या काठाने जायचा म्हणून हे नाव ठेवलं. जपानमध्ये याच मांडणीचं सर्वांत मोठं प्रवासी इंजिन म्हणजे सी-६२. ही इंजिनं १९४८-४९ मध्ये बांधली, एकूण ४९. होक्काइदोत हाकोदातेच्या मार्गावर 'निसेको' एक्स्प्रेसला चढणीसाठी दोन-दोन सी-६२ जोडायचे. ती धूर सोडत जाणारी दुहेरी जोडी बघायला देशभरातून लोक यायचे. १९७१ मध्ये ते थांबलं. दोन वर्षांनी युजी कुदो यांनी दुकानाला त्या इंजिनाचं नाव दिलं.

धागाकर्त्याने अजून सांगितलं नाही म्हणून पुढचं मीच सांगून टाकतो. हडसनने पुढे गेमयंत्रासाठी स्वतःच्या चिप बनवल्या. त्यांची नावं एचयूसी ६२८०, ६२७०, ६२६०. त्यातलं सी आणि ६२ ओळखलंत ना? निवृत्त झालेलं ते इंजिन सिलिकॉनवर पुन्हा धावलं.

तारायंत्र

आणि 'सीक्यू'चं मी सांगतो. हॅमवाल्यांची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, ती हाक आहे. सीक्यू, सीक्यू, म्हणजे 'कुणी ऐकत असेल त्याने उत्तर द्यावं'. समोर कोण आहे हे ठाऊक नसताना दिलेली साद. जगभर हॅमवाले आजही संवादाची सुरुवात तशीच करतात.

रेडिओच्या दुकानातून संगणकाची कंपनी निघाली यात मला काहीच नवल वाटत नाही. सत्तरच्या दशकात घरगुती संगणक सुटे भाग जोडूनच बनवावा लागायचा. ते सोल्डरिंग, ते सर्किट वाचणं हॅमवाल्यांच्या हातात होतंच. अशा दुकानात गिऱ्हाईक नुसतं घ्यायला येत नाही, तासभर उभं राहून बोलतं. कुणाचं काय बिघडलं, कुणी काय नवीन जोडलं. मी स्वतः अशाच दुकानात शिकलो. कुदो बंधूंना पहिले प्रोग्राम लिहिणारे हात कुठून मिळाले असतील ते मला डोळ्यांसमोर दिसतं.

झाडीपट्टीची_लेक

वाचनखूण साठवली. त्या फळांच्या गेममध्ये वांगं यायचं ना? चुकीचं अंडं फोडलं की वांगं मागे लागायचं आणि ताकद भराभर उतरायची. मी आणि माझे चुलतभाऊ जिवाच्या आकांताने ओरडायचो. तो टोपीवाला कोण होता, हे कुणी सांगेल का?

तांबडीमाती

@झाडीपट्टीची_लेक, तो खरा माणूस आहे! आणि त्याची गोष्ट मला हडसनच्या इतिहासातली सर्वांत आवडती.

तोशियुकी ताकाहाशी, साप्पोरोचेच. १९८२ मध्ये हडसनमध्ये लागले आणि विक्री-प्रसिद्धीचं काम करायचे. १९८५ च्या उन्हाळ्यात हडसनने 'कॅराव्हॅन' नावाची फिरती स्पर्धा काढली. गावोगावी मुलं जमायची, ठरलेल्या मिनिटांत 'स्टार फोर्स'मध्ये जास्तीत जास्त गुण मिळवायचे. मंचावर ताकाहाशी खेळून दाखवायचे. बटण सेकंदाला सोळा वेळा दाबायचे. मुलं त्यांना 'ताकाहाशी मेइजिन' म्हणू लागली. मेइजिन म्हणजे उस्ताद. दुसऱ्या वर्षी 'स्टार सोल्जर' आला. त्यांच्यावर चित्रपट निघाला, गाणी निघाली. १९८७ मध्ये तर सेकंदाला किती वेळा बटण दाबलं हे मोजणारं घड्याळच हडसनने विकायला काढलं.

बरोबरीने अफवाही आली. मेइजिन बटणाखाली स्प्रिंग बसवतात, पोलिसांनी त्यांना पकडलं, असं शाळाशाळांतून पसरलं. त्यात काहीही खरं नव्हतं. आणि हाच माणूस मुलांना सांगायचा, 'गेम दिवसाला एक तास.' गेम विकणाऱ्या कंपनीचा नोकर, समोर हजारो मुलं, आणि तो सांगतोय की एका तासावर खेळू नका, बाहेर जा, अभ्यास करा. त्या वेळी गेममुळे मुलं बिघडतात असा पालकांचा ओरडा होता. त्यांना त्याने केवढा धीर मिळाला असेल. मी आज बाप म्हणून त्या वाक्याकडे बघतो तेव्हा त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आता टोपीवाला. १९८६ मध्ये एस्केप या छोट्या कंपनीने सेगा या मोठ्या गेमकंपनीसाठी 'वंडर बॉय' बनवला. गेमचे हक्क एस्केपकडे, पण नाव आणि नायक सेगाच्या मालकीचे. हडसनने गेम घेतला, नायक बदलला आणि त्या जागी ताकाहाशींनाच बसवलं. जपानबाहेर कोणी ताकाहाशींना ओळखत नव्हतं, म्हणून तिकडे तो 'मास्टर हिगिन्स' झाला आणि गेमचं नाव 'अ‍ॅडव्हेंचर आयलंड'. म्हणजे तुम्ही चुलतभावांबरोबर ज्याला वांग्यापासून वाचवत होतात, तो साप्पोरोच्या कंपनीतला प्रसिद्धी विभागाचा माणूस होता.

झाडीपट्टीची_लेक

हे वाचून अंगावर काटा आला. भावांच्या ग्रुपवर आत्ताच टाकलं.

गोदाघाट

'निन्जा हातोरी' पण यांचाच ना? आमच्या पिढीला कार्टून म्हणून माहीत.

तांबडीमाती

गेम यांचा, १९८६ चा. मूळ पात्र मांगामधलं, म्हणजे जपानी चित्रकथेतलं, जुनं. त्याच वर्षी 'दोराएमोन'चाही गेम हडसनने काढला. मुलांच्या घरात जे पात्र आधीच आहे ते घेऊन त्याचा गेम करण्यात हडसन पुढे होती.

आता ज्यासाठी मी खरा धागा काढला त्याकडे येतो : पीसी इंजिन.

हडसनकडे चिपचे आराखडे होते, पण कारखाना नव्हता. एनईसी या बलाढ्य कंपनीकडे कारखाने होते, पण गेम नव्हते. दोघं एकत्र आले आणि ३० ऑक्टोबर १९८७ रोजी पीसी इंजिन बाजारात आलं. एवढंसं यंत्र, दोन तळहातांवर मावणारं. गेम यायचा तो कॅसेटवर नाही, 'हूकार्ड'वर. एटीएम कार्डाएवढं पातळ कार्ड, खिशात ठेवता येईल असं. प्रोसेसर आठ बिटचाच, पण वेगवान, आणि चित्रं काढणारी चिप फॅमिकॉमच्या फार पुढची. रंग इतके स्वच्छ की आर्केडमधला गेम घरी आल्यासारखा वाटायचा.

मग ४ डिसेंबर १९८८. त्याच यंत्राला जोडायचा सीडी-रॉम. घरगुती गेमयंत्राला सीडी लावणारे जगात हे पहिले. प्लेस्टेशनच्या सहा वर्षं आधी! कार्डावर काही लाख बाइट मावायचे, सीडीवर पाचशे मेगाबाइटच्या वर. गेममध्ये माणसाचा खरा आवाज आला, खरा वाद्यवृंद आला. १९८९ च्या 'तेन्गाई माक्यो' या गेमला संगीत र्‍युइची साकामोतो यांचं. १९९२ मध्ये त्याचा दुसरा भाग आला, त्याला जो हिसाइशी यांचं. दोघंही नावाजलेले संगीतकार. 'ईस' या खेळाचे पहिले दोन भाग एकत्र करून हडसनने १९८९ मध्ये सीडीवर आणले. त्याची सुरुवातीची धून ऐका, १९८९ मध्ये एखाद्या मुलाला घरच्या टीव्हीतून ती ऐकू आली असेल तेव्हा काय वाटलं असेल याची कल्पना करा.

अमेरिकेत मात्र जमलं नाही. तिथे ते ऑगस्ट १९८९ मध्ये 'टर्बोग्राफ्क्स-१६' नावाने गेलं. जपानमध्ये निघून जवळजवळ दोन वर्षं झाली होती आणि नेमकं त्याच सुमाराला सेगाचं जेनेसिस हे यंत्र समोर उभं राहिलं. डिसेंबर १९८९ चं 'सुपरग्राफ्क्स', म्हणजे पीसी इंजिनचीच सुधारित आवृत्ती, तीही पडली, त्यासाठी जेमतेम पाच-सहा गेम निघाले. खरी चूक १९९४ ची. पुढचं यंत्र पीसी-एफएक्स २३ डिसेंबरला आलं. त्याआधी महिन्याभरात सेगाचं सॅटर्न आणि सोनीचं प्लेस्टेशन बाजारात आले होते, दोन्ही त्रिमितीय चित्रांसाठी घडवलेले. पीसी-एफएक्सचा सगळा भर उत्तम ॲनिमेशन दाखवण्यावर, त्रिमितीसाठी वेगळी चिपच नाही. सहा वर्षांपूर्वी भविष्य ओळखणाऱ्या कंपनीला या वेळी ते ओळखता आलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

सह्यकडा

शेवटी कोनामीनेच मारलं त्यांना. घेतलं, पिळलं, फेकलं. यात मोठा इतिहास काय आहे?

ठेवपावती

@सह्यकडा, इतकं सरळ नाही ते. मी बँकेत आयुष्य काढलं, म्हणून ही बाजू थोडी सविस्तर मांडतो.

जपानमध्ये 'मुख्य बँक' अशी पद्धत होती. कंपनीचं एका बँकेशी पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं. कर्ज तीच देणार, अडचणीत हात तीच देणार. हडसनची मुख्य बँक होक्काइदो ताकुशोकु. 'ताकुशोकु' म्हणजे नव्या मुलखात वसाहत करणं. होक्काइदोत शेती-उद्योग वसवण्यासाठीच १९०० साली ती काढली होती. ऐंशीच्या दशकात जमिनीचे भाव फुगले तेव्हा या बँकेने बांधकामवाल्यांना सढळ कर्जं दिली. त्यातलं एक मोठं नाव साप्पोरोची काबुतो देकोम. तोया तळ्याच्या वरच्या डोंगरावर त्यांनी आलिशान हॉटेल बांधलं, ते १९९३ मध्ये उघडलं. तोवर फुगा फुटलेला होता. कर्जं परत आली नाहीत आणि १७ नोव्हेंबर १९९७ रोजी बँक कोसळली. युद्धानंतर जपानमधली या दर्जाची बँक बुडण्याची ही पहिलीच वेळ. आठवड्याभरात, २४ तारखेला, यामाइची सिक्युरिटीज या मोठ्या शेअर दलाली कंपनीनेही दार बंद केलं. (ते हॉटेल नंतर दुसऱ्यांनी घेतलं. २००८ ची जी-८ परिषद तिथेच झाली, आपले तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंगही तिला गेले होते.)

आता हडसनच्या जागी स्वतःला ठेवा. गेम बनवायला दोन-दोन वर्षं लागतात, पगार दर महिन्याला द्यावा लागतो. मधला काळ बँक निभावून नेते. ती बँकच गेली, तर विकला जाणारा गेम हातात असूनही कंपनीचा श्वास अडकतो. म्हणून डिसेंबर २००० मध्ये त्यांनी नॅसडॅक जपान या शेअर बाजारात समभाग आणले. ऑगस्ट २००१ मध्ये कोनामी सर्वांत मोठी भागधारक झाली. त्या घडीला पैसा घेऊन कोणीतरी येणं गरजेचं होतं. मी याला मारणं म्हणणार नाही.

तांबडीमाती

ठेवपावती, दंडवत. मला बँकेचं नाव माहीत होतं, पण ही साखळी इतक्या स्पष्टपणे कळली नव्हती.

आणि तो काळ बघा. बँक बुडाली १९९७ मध्ये. 'सॅटर्न बॉम्बरमॅन' १९९६ चा, एका टीव्हीसमोर दहा जण एकदम खेळू शकायचे. डिसेंबर १९९८ मध्ये पहिली 'मारिओ पार्टी' आली. होय, निन्तेन्दोची 'मारिओ पार्टी' हडसनने बनवली, पहिल्यापासून २००७ च्या आठव्या भागापर्यंत. म्हणजे कंपनी बुडायला आली तेव्हा तिच्या हातात जगभर घराघरांत खेळला जाणारा खेळ होता. पीसी-एफएक्सने नुकसान केलं, पण हडसनचं स्वातंत्र्य गेलं ते बर्फाळ बेटावरच्या जमिनींच्या भावामुळे. माझं तरी हेच मत झालंय.

सह्यकडा यांच्या रागातही थोडं तथ्य आहे. २००४ च्या अखेरीस युजी कुदो बाहेर पडले. एप्रिल २००५ मध्ये कोनामीचा हिस्सा निम्म्याहून वर गेला आणि त्याच वर्षी मुख्य कार्यालय साप्पोरोहून टोकियोला गेलं. १ एप्रिल २०११ रोजी ती पूर्णपणे कोनामीची झाली, मे अखेरीला ताकाहाशी मेइजिन कंपनी सोडून गेले आणि मार्च २०१२ मध्ये नावही गेलं. पैसा देणं समजू शकतो. नाव मिटवायची गरज नव्हती असं मला मनापासून वाटतं. ज्या महिन्यात हडसन संपली त्याच महिन्यात 'मारिओ पार्टी ९' आली. ती बनवली एनडी क्यूब या कंपनीने, आणि तिथे काम करणारे बरेच जण पूर्वीचे हडसनचेच. त्यांचे प्रमुख हिदेतोशी एंदो एकेकाळी हडसनचे अध्यक्ष होते. हात तेच राहिले, पाटी बदलली.

सह्यकडा

बँकेचं हे मला ठाऊक नव्हतं. शब्द मागे घेतो. नावाबद्दलचा राग मात्र कायम आहे.

सैतामाकर

जपानमधून लिहितोय, नोकरीनिमित्त इथे आठ वर्षं आहे. हडसनचं नाव गेलं, पण एक गोष्ट इथे घरोघरी जिवंत आहे : 'मोमोतारो देन्तेत्सु', लोक 'मोमोतेत्सु' म्हणतात. आकिरा साकुमा यांचा खेळ, १९८८ पासून हडसनने काढलेला. फासे टाकायचे, आगगाडीने जपानभर फिरायचं, ज्या गावी पोचाल तिथली दुकानं विकत घ्यायची. कुठे नूडल्सचं दुकान, कुठे खेकड्याचं, कुठे सफरचंदाच्या बागा. कोणीतरी ठरलेल्या गावी पोचलं की जो सर्वांत लांब असेल त्याच्या पाठीला दारिद्र्याचा देव चिकटतो आणि त्याचे पैसे उधळत सुटतो. आपल्याकडे साडेसाती लागते तसंच.

२०२० च्या नोव्हेंबरात कोनामीने नवा भाग काढला, तीस लाखांच्या वर खपला. तेव्हा करोनामुळे घराबाहेर पडणं कमी झालं होतं. माझ्या कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी मला ऑनलाइन खेळायला बोलावलं. जपानी जेमतेम येत होती. ओदावारा कुठे, हाचिनोहे कुठे, हे मी त्या खेळातून शिकलो. २०२३ पासून शाळांसाठी त्याची मोफत आवृत्तीही आहे, भूगोल शिकवायला. माझी मुलगी इथल्या प्राथमिक शाळेत आहे, परवा तिने मला होक्काइदोचा नकाशा काढून दाखवला. तिला हडसन हा शब्द माहीत नव्हता. या धाग्यातलं थोडं मी तिला जपानीत सांगितलं.

कोळशाचीगाडी

रेल्वेच्या वेडातून नाव घेतलेल्या कंपनीचा सर्वांत टिकलेला खेळ आगगाडीचा निघावा! सैतामाकर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

तांबडीमाती

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या होत्या त्या जोडतो.

मार्च २०२० मध्ये कोनामीने 'पीसी इंजिन मिनी' काढलं, जुने गेम आत भरलेलं लहानसं यंत्र. बॉम्बरमॅनही २०१७ मध्ये स्विचबरोबर परत आला.

दुसरं म्हणजे त्या पेंग्विनच्या गेमचं नाव 'बायनरी लँड', फॅमिकॉमवर १९८५ चा. पेंग्विनची नावं गुरिन आणि मालोन. काल रात्री ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "नावं नव्हती तेव्हा आपण त्यांना आपलीच नावं दिली होती, विसरलास का?" मी विसरलो होतो. दिवाळीला ती येणार आहे. जुनं यंत्र माळ्यावरून काढून ठेवलंय, चालतं का ते आज बघतो. तारायंत्र, त्याच्या ॲडॉप्टरची वायर मधूनच तुटलीय, कशी जोडायची ते सांगाल का?

तारायंत्र

सांगतो की. वायर तुटलीय तिथे दोन्ही टोकांचं आवरण बोटाच्या पेराएवढं सोला. जोडण्याआधी मीटर लावून टोकाला किती व्होल्ट येतात आणि धन कुठल्या बाजूला आहे ते बघा. या यंत्रांत धन-ऋणाची बाजू प्रत्येकाची सारखी नसते, ॲडॉप्टरवरचं चित्र नीट पाहा. फोटो टाका, मग पुढचं सांगतो.